‘ग्रीटिंग्ज फ्रॉम अ‍ॅस्बरी पार्क’वर लोक नेमके कशावरून भांडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता. रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन तुम्हाला ‘बॉर्न टू रन’ आणि ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ या अल्बममुळे आवडायला लागला. घरापासून पाऊण-एक तासावरच्या अ‍ॅस्बरी पार्कला जाऊन आलात आणि येताना त्याच्या पहिल्या अल्बमची, म्हणजे १९७३च्या ‘ग्रीटिंग्ज फ्रॉम अ‍ॅस्बरी पार्क, एन.जे.’ची जुनी एलपी घेऊन आलात. घरी लावली आणि हिरमोड झाला. आवाज पातळ, गाण्यांत शब्दांची दाटी, आणि मधेच सगळी वाद्यं गायब. मग लोकांची मतं वाचलीत तर गोंधळ आणखी वाढला. कुणी म्हणतं हे त्याचं सगळ्यात ताजंतवानं काम, कुणी म्हणतं नुसता कच्चा डेमो, कुणी म्हणतं बॉब डिलनची नक्कल. ‘यातलं खरं कुणाचं, आणि माझ्या कानांचंच काही चुकतंय का?’ असं तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात सत्तावीस वर्षं रेकॉर्डिस्ट म्हणून काम करतोय. भावगीतं, नाटकांचं पार्श्वसंगीत, कॉलेजच्या पोरांचे बँड, कीर्तनं, सगळं रेकॉर्ड केलंय. स्प्रिंगस्टीनशी ओळख १९८८ची. त्या वर्षी ३० सप्टेंबरला अ‍ॅम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या दौऱ्यात तो दिल्लीला नेहरू स्टेडियमवर गायला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि दिल्लीला जाणं शक्य नव्हतं, पण मित्राच्या घरी कॅसेट होती, ती झिजेपर्यंत ऐकली. पहिला अल्बम हातात पडायला पुढे आठ-नऊ वर्षं गेली, आणि तेव्हा माझाही अगदी तुमच्यासारखाच हिरमोड झाला होता. आता हा अल्बम मला मनापासून आवडतो. पण तो आवडायला लागला म्हणून त्याचे दोष नाहीसे झाले, असं मी म्हणणार नाही.

तुमच्या कानांचं काही चुकत नाहीये. तुम्ही ऐकलंत ते सगळं त्यात आहे. अडचण अशी की ‘आवाज पातळ आहे’ आणि ‘शब्द फार आहेत’ या दोन निराळ्या तक्रारी आहेत, आणि लोक त्या एकाच वाक्यात बोलून टाकतात. पहिली तक्रार बरीचशी खरी आहे, फक्त तिचं कारण लोक चुकीचं देतात. दुसरी गाण्यागणिक बदलते. या दोन वेगळ्या केल्या की निम्मी भांडणं मिटतात. उरलेली निम्मी ऐकणारा कुठून आलाय यावर असतात.

आवाजाचं आधी सांगतो, कारण तो माझा धंदा आहे. हा अल्बम न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला ब्लॉव्हेल्ट नावाच्या गावात ‘९१४ साउंड स्टुडिओज’मध्ये १९७२ साली रेकॉर्ड झाला. निर्माते माइक अ‍ॅपेल आणि जिम क्रेटेकोस, आणि रेकॉर्डिस्ट लुई लहाव. तो नीट ऐकलात तर लक्षात येईल की ड्रम कोरडे आणि लहान वाटतात, आजूबाजूला खोलीची हवाच नाही. बेस आहे पण गोल येत नाही, पियानो आणि अकुस्टिक गिटार एकमेकांच्या जागेवर बसतात, आणि गाणारा सगळ्यांच्या पुढे, तोंडाशी माइक धरून उभा असल्यासारखा वाटतो. ‘बॉर्न टू रन’ची भिंतीसारखी अंगावर येणारी बांधणी डोक्यात ठेवून कुणी इथं आलं, तर त्याला हे उघडंबोडकं वाटणारच.

यावर लोक एक कारण ठोकून देतात की स्टुडिओ स्वस्तातला होता, म्हणून असं झालं. हे मला पटत नाही, आणि का ते सांगतो. ‘बॉर्न टू रन’ अल्बममधली बाकीची गाणी नंतर न्यूयॉर्कच्या ‘रेकॉर्ड प्लांट’मध्ये झाली, पण ‘बॉर्न टू रन’ हे शीर्षकगीत १९७४ साली याच ९१४मध्ये, याच लुई लहावच्या हाताखाली रेकॉर्ड झालंय. स्टुडिओ तोच, माणूस तोच. फरक असा की त्या एका गाण्यावर ते जवळपास सहा महिने बसले होते, थरावर थर चढवत होते, आणि काय ऐकू यायला हवं हे गाणाऱ्याच्या डोक्यात पक्कं होतं.

आता उलट बाजूचं उदाहरण घ्या. १९८२चा त्याचा ‘नेब्रास्का’ तर कोल्ट्स नेकमधल्या घरी, टीअ‍ॅकच्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर झाला. तांत्रिक बाजूनं पाहिलं तर त्याचा आवाज पहिल्या अल्बमपेक्षा कितीतरी हलका. पण ‘नेब्रास्का’चा आवाज वाईट आहे अशी तक्रार मी फार क्वचित ऐकलीय. कारण ती गाणी एका माणसानं अंधारात बसून म्हटल्यासारखीच आहेत आणि आवाजही तसाच आहे. गाण्याला जे हवं तेच तिथं आहे.

म्हणजे चांगल्या यंत्रांचा अभाव हे काही पहिल्या अल्बमचं मूळ दुखणं नव्हे. मूळ दुखणं हे की तो काय होणार आहे, एकट्याचा की बँडचा, हेच त्याच्या भोवतीच्या माणसांचं ठरलेलं नव्हतं. हा भाग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण ऐकणाऱ्यांची मतं बरोबर याच चिरेवर फुटतात.

कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीत त्याला घेतलं ते जॉन हॅमंड यांनी. बिली हॉलिडे, अरेथा फ्रँकलिन आणि बॉब डिलन यांना पुढे आणणारा हा माणूस. २ मे १९७२ रोजी स्प्रिंगस्टीन त्यांच्या ऑफिसात एकटा गिटार घेऊन गेला आणि ‘इट्स हार्ड टू बी अ सेंट इन द सिटी’ म्हणाला. दुसऱ्या दिवशी कोलंबियाच्या स्टुडिओत त्याचे डेमो घेतले गेले, तेही एकट्याचेच. हॅमंडना जे दिसलं ते असं: एक पोरगा, एक गिटार, शब्दांचा धबधबा. त्यांना तेच हवं होतं. पण हा पोरगा शाळकरी वयापासून जर्सीच्या बारमध्ये आणि नाचाच्या हॉलमध्ये बँडबरोबर वाजवत वाढलेला. ‘द कॅस्टाइल्स’, मग ‘स्टील मिल’ असे बँड त्याच्या मागे होते. त्याला ड्रम हवे होते, बेस हवा होता, आपली माणसं हवी होती.

मग तडजोड झाली. हॅमंड आणि अ‍ॅपेल यांचा कल एकट्याच्या गाण्यांकडे, स्प्रिंगस्टीन आणि क्रेटेकोस यांचा बँडकडे. पाच गाणी बँडची, पाच एकट्याची असं ठरलं. अल्बम तयार करून कोलंबियाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांना ऐकवला तर ते म्हणाले, यात रेडिओवर चालेल असं गाणंच नाही. स्प्रिंगस्टीन घरी गेला आणि दोन गाणी लिहून आला: ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ आणि ‘स्पिरिट इन द नाइट’. ही दोन आत आली आणि एकट्याची तीन गाणी बाहेर गेली. दहाची नऊ झाली. ही दोन गाणी रेकॉर्ड करताना नेहमीचे बरेच वादक हजर नव्हते, म्हणून बहुतेक वाद्यं त्यानं स्वतःच वाजवली, ड्रमवर व्हिनी लोपेझ, आणि सॅक्सोफोनवर क्लॅरेन्स क्लेमन्स. पुढे ज्याच्या सॅक्सवरून लोक त्याचा बँड ओळखायला लागले, तो क्लेमन्स या अख्ख्या अल्बममध्ये या दोनच गाण्यांत आहे.

आता तुमच्या एलपीची पहिली बाजू आठवा. सुरुवातीलाच ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’, म्हणजे सगळ्यात शेवटी लिहिलेलं, सॅक्सवालं, उड्या मारणारं गाणं. मग ‘ग्रोइन अप’, डेव्हिड सॅन्शसच्या पियानोवर चढत जाणारं. ऐकणारा सरसावून बसतो, म्हणतो, चला, बँड आला. आणि तिसरं गाणं लागतं ते ‘मेरी क्वीन ऑफ आर्कान्सॉ’: एक गिटार, एक माउथ ऑर्गन, पाच मिनिटांहून जास्त, ठेका नाहीच. तुम्ही ‘मधेच वाद्यं गायब’ म्हणालात ते इथलंच. हा त्या तडजोडीचा उरलेला तुकडा आहे. माझा अनुभव असा आहे की या अल्बमला नावं ठेवणारे बरेच जण या तिसऱ्या गाण्यापाशी मनातून उठून गेलेले असतात. पुढची गाणी ते ऐकतात, पण रुसून.

यातलं दुखणं मला इतकं कळतं कारण एकदा ते माझ्या खोलीत घडलंय. २००३-०४च्या सुमाराची गोष्ट. एक तरुण कवी-गायक आला होता, विलक्षण दाट लिहायचा. ज्या कंपनीनं त्याला घेतलं होतं, तिला नुसती गिटार आणि आवाज हवा होता. तो आपल्या गावाकडच्या चार मित्रांना घेऊन आलेला, ढोलकी, बेस, कीबोर्ड. सहा दिवस होते हातात. शेवटी निम्मी गाणी अशी, निम्मी तशी असं ठरलं. मी मिक्सिंगला बसलो तेव्हा लक्षात आलं की काहीही केलं तरी दोन निरनिराळ्या खोल्यांतली माणसं एका कॅसेटवर बोलतायत. एकट्याच्या गाण्यांत आवाज जवळ घेतला की बँडची गाणी लांबची वाटायची. बँड भरदार केला की एकट्याची गाणी अर्धवट सोडल्यासारखी. त्या पोराचे शब्द अजून माझ्या लक्षात आहेत, पण तो अल्बम कुणापर्यंत पोचला नाही, आणि मला ते अजून लागतं. स्प्रिंगस्टीनला पुढची संधी मिळाली. सगळ्यांना ती मिळत नाही.

दुसरी तक्रार शब्दांची. ही मात्र मी सरसकट मान्य करत नाही.

‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ लिहिताना आपण यमकांचा कोश जवळ ठेवला होता, हे स्प्रिंगस्टीननं स्वतः सांगितलंय. ते ऐकताना कळतंही. त्या गाण्यात अर्थ शोधत बसलात तर थकून जाल. मी श्रवणसत्रात लोकांना सांगतो की तबल्याचे बोल ऐकताना आपण ‘धिरधिर’चा अर्थ विचारत नाही, तसं हे ऐका. अक्षरं एकमेकांवर आपटून जो नाद होतो तो ड्रमच्या बरोबरीनं वाजतोय. इंग्रजी आपली मायबोली नसल्यामुळे आपण परीक्षेला बसल्यासारखे प्रत्येक शब्द पकडायला जातो, आणि दहाव्या सेकंदाला मागे पडतो. तिथं शब्द सोडून द्यायचे.

पण ‘फॉर यू’मध्ये शब्द सोडून चालणार नाहीत. जीव द्यायला निघालेल्या एका मुलीच्या मागे धावणारा माणूस तिथं बोलतोय. तो घाबरलाय, रागावलाय, जुन्या आठवणी आणि आत्ताची धावपळ त्याच्या तोंडून एकदमच बाहेर पडतेय. अशा वेळी माणूस मोजून-मापून बोलत नाही. तिथली शब्दांची गर्दी मला गाण्याच्या पोटातून आलेली वाटते. ‘लॉस्ट इन द फ्लड’ही तसंच. युद्धावरून परतलेला सैनिक, मग गाडी दामटत मरणाकडे जाणारा पोरगा, मग रस्त्यावरचा गोळीबार, अशी तीन चित्रं एकामागून एक येतात आणि पियानो-ऑर्गनचा आवाज हळूहळू काळाकुट्ट होत जातो. सुरुवातीचा तो गडगडाट, पुढे त्याच्या बँडचा गिटारवादक झालेल्या स्टीव्ह व्हॅन झँटनं अ‍ॅम्प्लिफायर दणकावून काढलेला. अल्बमवर तेवढंच त्याचं काम. व्हिएतनामची लढाई तेव्हा चालू होती, आणि स्प्रिंगस्टीनच्या पहिल्या बँडचा ड्रमवाला तिथंच मारला गेला होता. पुढे ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’त जो परतलेला सैनिक तुम्हाला भेटला, त्याचा थोरला भाऊ या गाण्यात आहे. पहिल्या बाजूचं हे शेवटचं गाणं तुम्ही बहुधा थकलेल्या कानांनी ऐकलं असणार. ते पुन्हा ऐका, एकटं.

‘द एंजल’बद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. शब्द सुंदर बनवण्याच्या नादात गाणं जड झालंय. रिचर्ड डेव्हिससारख्या जॅझमधल्या मोठ्या माणसाचा डबल बेस त्यात आहे. मी त्या गाण्याला परत जातो ते त्या बेससाठी. ‘मेरी क्वीन’ही मला अजून आवडलेलं नाही. पंचवीस वर्षं प्रयत्न केलाय.

आतापर्यंतचं एकत्र बांधायचं तर इतकंच: आवाज पातळ वाटतो तो एकट्याचा की बँडचा हे न ठरल्यामुळे, शब्द जास्त वाटतात ते काही गाण्यांत खरंच जास्त आहेत आणि काहींत गरजेचे आहेत. आता ऐकणारे कुठून येतात त्याकडे वळू, कारण तुम्ही वाचलेली मतं त्याशिवाय उलगडणार नाहीत.

एक जण तुमच्यासारखा मागे चालत येतो. त्याला पुढचं सगळं माहीत असतं: ‘बॉर्न टू रन’ची १९७५ची आवाजाची भिंत, १९७८च्या ‘डार्कनेस ऑन द एज ऑफ टाउन’चे मोजके कठोर शब्द, ‘नेब्रास्का’ची शांतता. आज त्याला ‘हार्टलँड रॉक’ म्हणतात, बॉब सीगर, टॉम पेटी, जॉन मेलनकॅम्प यांच्या पंगतीला बसवतात. कारखाने, कामगार, बंद पडलेली गावं, बापाची नोकरी. मागे चालत येणारा माणूस ते शोधत या अल्बममध्ये शिरतो, आणि ते इथं जवळजवळ नाहीच. वडील फ्रीहोल्डच्या गालिच्यांच्या गिरणीत राबले, बस चालवली, पण ते सगळं त्याच्या गाण्यांत नंतर आलं. तेवीस वर्षांच्या पोराला इथं बापाबद्दल बोलायचं नाहीये. त्याला समुद्रकाठच्या लाकडी फळ्यांवरचे लोक, टोपणनावांचे मित्र, रात्री गाडी काढून तळ्याकाठी जाणं, शहरातल्या बसच्या खिडकीतून दिसणारे चेहरे हे सगळं एका दमात सांगायचंय. मुखपृष्ठ पाहिलंत ना, पोस्टकार्ड आहे. अ‍ॅस्बरी पार्कच्या बोर्डवॉकवर मिळायचं तसलं. कोलंबियाला त्याला न्यूयॉर्कचा गायक म्हणून विकायचं होतं आणि यानं आपलं गाव पुढे केलं, हा भाग मला फार मोलाचा वाटतो. हार्टलँड शोधणारा नाराज होतो, आणि नाराज झाल्यावर सहसा आवाजाला दोष देतो.

दुसरा डिलनचं ऐकून आलेला असतो. कंपनी तीच, शोधणारा माणूस तोच, माउथ ऑर्गन, शब्दांची रांग. कंपनीनंही त्याला ‘नवा डिलन’ म्हणूनच पुढे केलं होतं, त्यामुळे नक्कल हा आरोप ऐकणाऱ्यांनी हवेतून काढला नाही. ‘मेरी क्वीन’पुरता तो मला मान्यही आहे. पण ‘स्पिरिट इन द नाइट’ घ्या. सॅक्स, मागे लोळत राहणारा ठेका, कोरसला सगळ्यांनी मिळून ओरडणं. हे बारमध्ये लोकांना नाचवून शिकलेलं संगीत आहे. डिलनच्या घरात हे सापडत नाही.

तिसरा माणूस मॅनफ्रेड मानच्या ब्रिटिश रॉक बँडमुळे येतो. त्यांचं ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’ फेब्रुवारी १९७७मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. स्प्रिंगस्टीनच्या स्वतःच्या नावावरचं एकही गाणं तिथल्या मुख्य यादीत कधी पहिलं आलेलं नाही, ‘डान्सिंग इन द डार्क’ दुसऱ्यावर थांबलं. त्या झगमगीत आवृत्तीवर वाढलेल्या माणसाला मूळ गाणं सरावाच्या वेळचं वाटतं. शब्दही बदललेत, मूळचं ‘कट लूज’ तिथं ‘रेव्ड अप’ झालंय, त्यामुळे काही जण तर स्प्रिंगस्टीनच चुकला असं समजतात.

आणि चौथा, ज्यानं ही गाणी आधी मंचावर ऐकली. याचं मत सगळ्यात वेगळं असतं, आणि मला वाटतं सगळ्यात उपयोगी. १९७३ साली या अल्बमची विक्री अगदी किरकोळ झाली, पहिल्या वर्षी पंचवीस हजारांच्या आसपास. समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी ‘रोलिंग स्टोन’ मासिकात शब्दांच्या त्या पुरावर खूश होऊन चांगलं लिहिलं, पण त्यानं खप वाढला नाही. माणसं जमत गेली ती कार्यक्रमांमुळे. मंचावर हीच गाणी मोठी झाली, लांबली, श्वास घ्यायला लागली. ज्यानं ती तिथं ऐकली त्याच्या कानात एलपी लावल्यावर मंचावरचं उरलेलं आपोआप भरून येतं. तो जेव्हा ‘ताजंतवानं’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं ऐकू येतं. तुम्हाला ते ऐकू यायला तुमच्याकडे ती आठवण हवी, आणि सुदैवानं ती मिळवता येते.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी माझ्याकडे दहा-बारा जण ऐकायला जमतात. तिथं मी एकच गाणं तीन रूपांत लावतो, नावं न सांगता. ‘ग्रोइन अप’ घ्या. १९७२च्या मे महिन्यातला डेमो १९९८च्या ‘ट्रॅक्स’ या संचात आहे, नुसती गिटार आणि आवाज. मग अल्बममधलं. मग ‘लाइव्ह १९७५-८५’मधलं, लॉस एंजलिसच्या रॉक्सी क्लबातलं १९७८चं, ज्यात तो मधे थांबून आई-वडिलांची गोष्ट सांगतो. दर वेळी लोकांचे दोन तट पडतात, एक डेमोच्या बाजूनं, दुसरा रॉक्सीच्या. अल्बममधलं रूप पहिल्या ऐकण्यात क्वचितच कुणी निवडतं. त्या गाण्याला दोन्ही बाजूंनी ओढलंय आणि ते मधे अडकलंय, हे कुणालाही न सांगता कळतं. पण गंमत पुढे आहे. दोन्ही टोकं ऐकून झाल्यावर मधलं पुन्हा लावलं की लोक त्याला वेगळ्याच मायेनं ऐकतात. आता त्यांना त्यात डेमोही ऐकू येतो आणि रॉक्सीही. पियानोची ती चढण कुठं पोचणार आहे, हे ठाऊक असतं.

‘फॉर यू’साठी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमधला १८ नोव्हेंबर १९७५चा कार्यक्रम ऐका, जो कितीतरी वर्षांनी प्रसिद्ध झाला. तिथं तो एकटा पियानोवर बसून ते गाणं अर्ध्या गतीत म्हणतो. तेच शब्द, एकही कमी केलेला नाही, आणि गर्दी कुठं वाटत नाही. त्याच कार्यक्रमात ‘लॉस्ट इन द फ्लड’ आणि ‘सेंट इन द सिटी’ बँडबरोबर आहेत, ड्रमवर मॅक्स वाइनबर्ग. हे ऐकल्यावर तुमची तक्रार शब्दांबद्दल होती की मांडणीबद्दल, हे तुम्हालाच कळेल. माझी मांडणीबद्दल होती.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून सांगता येणार नाहीत. तुमची एलपी कोणत्या वर्षीची छपाई आहे, सुई किती झिजलीय, स्पीकर किती लहान आहेत. ज्या रेकॉर्डिंगमध्ये मुळातच खालचा आवाज कमी आहे, ते लहान स्पीकरवर दुप्पट पातळ वाटतं. २०१४ साली बॉब लुडविग यांनी त्याचे पहिले सात अल्बम नव्यानं मास्टर केले, म्हणजे मूळ टेपवरून अंतिम आवाज पुन्हा बसवला, त्यात टेपच्या गतीतली थरथरही काढलीय. माझ्या कानाला त्यात गॅरी टॅलेंटचा बेस जागेवर आलाय आणि पियानोला कड आलीय. एकदा हेडफोनवर ते ऐकून मग एलपीबद्दल मत बनवा. पण त्यानं ड्रम मोठे होणार नाहीत, ते जसे रेकॉर्ड झाले तसेच आहेत. मास्टरिंगनं रेकॉर्डिंगची जागा भरून निघत नाही.

लोकांची मतं वाचताना मी एकच पाहतो: मत देणाऱ्यानं कोणत्या गाण्याचं नाव घेतलंय. फक्त ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’चं नाव घेऊन कौतुक करत असेल तर त्याला ठेका आवडतो. ‘मेरी क्वीन’चं नाव घेऊन शिव्या देत असेल तर तो बँडच्या शोधात होता. ‘लॉस्ट इन द फ्लड’चं नाव घेणाऱ्याचं मात्र मी शेवटपर्यंत वाचतो, तो अल्बम संपेपर्यंत जागा होता. एकाही गाण्याचं नाव न घेता ‘कच्चं आहे’ किंवा ‘अप्रतिम आहे’ म्हणणाऱ्यांकडून तुम्हाला काही मिळणार नाही.

डेव्हिड बोवीनं यातली ‘ग्रोइन अप’ आणि ‘सेंट इन द सिटी’ ही दोन गाणी अगदी लवकर, स्प्रिंगस्टीन मोठा होण्याआधीच स्वतःसाठी रेकॉर्ड केली होती. या अल्बमचा आवाज ऐकून नव्हे, त्याच्या आतलं गाणं ऐकून हा माणूस तिकडे वळला असणार. आणि २२ नोव्हेंबर २००९ला बफेलोमध्ये स्प्रिंगस्टीननं हा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, याच क्रमानं मंचावर वाजवला. क्लेमन्स बाजूला होता. त्याच्याबरोबरचा तो बँडचा शेवटचा पूर्ण कार्यक्रम ठरला, २०११च्या जूनमध्ये क्लेमन्स गेला. ज्या दोन गाण्यांमुळे तो या अल्बममध्ये आला, ती दोन्ही त्या रात्री त्याच्या सॅक्सवर वाजली.

एलपी परत करू नका. एक रात्र दुसरी बाजू आधी लावा. ‘द एंजल’ वगळून सुई थेट ‘फॉर यू’वर ठेवा, आणि ‘स्पिरिट’, ‘सेंट’ सलग ऐका. मग बाजू उलटून ‘लॉस्ट इन द फ्लड’. ‘डज धिस बस स्टॉप अ‍ॅट एटी-सेकंड स्ट्रीट’ मात्र घरी ऐकू नका. तुमच्या तिथले बरेच जण कामाला न्यूयॉर्कला बसनं जातात, तुम्हीही जात असाल तर ते दोन मिनिटांचं गाणं बस शहरात शिरताना खिडकीशी बसून ऐका. आणि ते कसं वाटलं ते मला जरूर कळवा, कारण तो रस्ता मी पाहिलेला नाही.